शिळें झालेलें द्रावण

हळद पिवळी, हिंगूळ तांबडा, काजळ काळें. पदार्थाचा रंग हा त्याचा अंगभूत धर्म होय, ही आपली समजूत फार जुनी आहे आणि नित्य व्यवहारांत ती खोटी ठरण्याचा प्रसंग क्वचितच येतो. परंतु कांहीं पदार्थांचा कण पुरेसा लहान केला, म्हणजे पदार्थ तोच राहूनही रंग पालटतो. ही गोष्ट ज्यांनीं प्रयोगानें सिद्ध केली, त्यांत अमेरिकन रसायनज्ञ लुई ब्रूस ह्यांचें नांव अग्रभागीं आहे. त्यांच्या संशोधनाचा इतिहास विचार करण्याजोगा आहे. कारण ज्या शोधानें त्यांची कीर्ति झाली, तो लावण्यास ते निघालेच नव्हते.

ब्रूस ह्यांचा जन्म १९४३ सालीं ओहायओ प्रांतांतील क्लीव्हलंड शहरीं झाला. १९६९ सालीं कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविल्यावर कांहीं वर्षें ते वॉशिंग्टन येथील नौदलाच्या प्रयोगशाळेंत होते, आणि १९७३ सालीं बेल प्रयोगशाळेंत दाखल झाले. ही संस्था टेलिफोनच्या धंद्यांतील एका बलाढ्य कंपनीची. तथापि तात्काळ नफ्याचा हिशेब न मागतां मूलभूत संशोधन करूं देण्याबद्दल तिची ख्याति होती. सूर्यप्रकाशाच्या बळावर रासायनिक क्रिया घडवून आणाव्या, हा ब्रूस ह्यांचा दूरचा हेतु. त्यासाठीं प्रकाश शोषणाऱ्या कॅडमियम सल्फाइडचे अतिसूक्ष्म कण त्यांनीं द्रावणांत तयार केले. कण जितका बारीक तितका त्याचा पृष्ठभाग प्रमाणानें अधिक, आणि क्रिया व्हावयाची ती पृष्ठभागावरच.

येथें एक चमत्कारिक गोष्ट त्यांच्या नजरेस आली. तयार द्रावण कांहीं काळ टेबलावर तसेंच राहिलें, तर त्याचें प्रकाशशोषण बदलत असे. दुसरा एखादा संशोधक ‘द्रावण शिळें झालें’ म्हणून तें ओतून देता. ब्रूस ह्यांनीं त्या शिळेपणाचेंच कारण शोधिलें. कण वाढत असावेत, असा त्यांचा तर्क. सुमारें ४.५ नॅनोमीटर व्यासाचे ताजे कण आणि सुमारें १२.५ नॅनोमीटरचे मोठे कण त्यांनीं ताडून पाहिले. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा हिस्सा. मोठे कण नेहमींच्या कॅडमियम सल्फाइडप्रमाणेंच वागत. लहानांचें शोषण मात्र निळ्या रंगाकडे सरकलेलें होतें. द्रव्य एकच, भेद काय तो आकाराचा.

प्रकाश पडला कीं कणांतील इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो, आणि खालीं उतरतांना प्रकाश बाहेर टाकतो. कण लहान झाला म्हणजे ही पायरी उंच होते. सतारीची तार पडद्यावर दाबून आखूड केली असतां स्वर चढतो, तसाच कांहींसा हा प्रकार समजावा. सूक्ष्म कण असे निराळे वागतील, हें हर्बर्ट फ्रोलिक ह्यांनीं १९३७ सालींच गणितानें वर्तविलें होतें.

ब्रूस ह्यांचा निबंध १९८३ सालीं प्रसिद्ध झाला. अलेक्सी एकिमोव्ह ह्यांनीं रशियांत तांब्याचा क्लोराइड मिसळलेल्या कांचेंत हाच परिणाम पाहून १९८१ सालीं एका सोव्हिएत नियतकालिकांत छापला होता, ह्याची ब्रूस ह्यांस वार्ताही नव्हती. दोन सत्तांच्या वैरामुळें छापलेलें ज्ञानही पलीकडे पोहोंचेना, आणि एकच सत्य दोनदां शोधावें लागलें.

तरीही हे कण व्यवहारांत येण्यास अवकाश होता. त्यांचे आकार सारखे नसत, आणि पृष्ठभागावरील दोषांत इलेक्ट्रॉन अडकून उजेड मंद होई. बेल प्रयोगशाळेंत ब्रूस ह्यांच्याबरोबर काम केलेले मौंगी बावेंडी ह्यांनीं पुढें मॅसॅच्युसेट्स येथें, तप्त द्रवांत द्रव्यें एकदम सोडून एकसारखे कण घडविण्याची रीत १९९३ सालीं प्रसिद्ध केली. १९९६ सालीं कॅडमियम सेलेनाइडच्या कणांवर झिंक सल्फाइडचें कवच चढवून त्यांचें तेज पुष्कळ वाढविण्यांत आलें. ह्या द्रव्याचा सुमारें २ नॅनोमीटरचा कण निळा, तर सुमारें ६ नॅनोमीटरचा कण तांबडा उजेड देतो. असे प्रकाशमान कण आज दूरचित्रवाणीच्या पडद्यांत आणि शरीरांतील पेशींचा माग काढण्याच्या कामीं वापरले जातात. कॅडमियम विषारी असल्यामुळें कित्येक ठिकाणीं त्याऐवजीं इंडियम फॉस्फाइड योजितात.

२०२३ सालीं ब्रूस, एकिमोव्ह आणि बावेंडी ह्या तिघांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. निबंध आणि पारितोषिक ह्यांत चाळीस वर्षें लोटलीं. संशोधकास पैसा देतांना ‘ह्यांतून काय निष्पन्न होणार?’ असें आधीं लिहून मागण्याची चाल आहे, आणि ती सर्वस्वी गैर नव्हे. परंतु ब्रूस ह्यांनीं तसें लिहून दिलें असतें, तर त्यांत सूर्यप्रकाश आला असता, पृष्ठभाग आला असता. कणाच्या आकारावरून ठरणारा रंग मात्र आला नसता. ठरलेल्या प्रश्नाबाहेरचें कांहीं दिसल्यास त्याचा पाठपुरावा करण्याइतकी मोकळीक त्यांस होती, आणि तिचा उपयोग करण्याची चिकाटी त्यांच्यापाशीं होती. मुलांस विज्ञानाकडे पाठविणाऱ्या घरांनीं आणि संशोधनसंस्था चालविणाऱ्यांनीं ह्या दोहोंचीही जोपासना करावयास हवी.