आकाशातील हाळी

रात्री शास्त्री नदीतून होडी येताना दिसली, की काठावरचा माणूस ‘कोण आहे रे?’ अशी हाळी देतो. ओळखीचा आवाज आला की निर्धास्त होतो. उत्तर आले नाही, तरी लगेच दगड उचलीत नाही. होडीवाल्याला ऐकू गेले नसेल, असेही त्याच्या मनात येते. शत्रूला अडविण्यासाठी झेपावणाऱ्या लढाऊ विमानांना ही हाळी शिकण्यासाठी प्राण मोजावे लागले.

ब्रिटन महायुद्धात उतरून तीनच दिवस झाले होते. रडारला विमान दिसे. ते कोणाचे, हे कळत नसे. ६ सप्टेंबर १९३९ रोजी स्पिटफायर विमानांनी शत्रू समजून स्वतःचीच दोन हरिकेन विमाने पाडली. एक तरुण वैमानिक गेला. तिथे एकही जर्मन विमान नव्हते.

पुढे विमानांत ओळखयंत्र बसू लागले. रडारची लहर पोचली, की ते तीच लहर जोर देऊन परत पाठवी आणि पडद्यावरची खूण फुगे. रडारचे प्रकार वाढले, तेव्हा यंत्राच्या तिसऱ्या आवृत्तीत सवालजबाबासाठी स्वतंत्र लहर ठरली. शत्रू खोटा जबाब देईल, म्हणून नंतर गुप्त संकेत आले. मात्र एक मर्यादा राहिलीच. हे यंत्र फक्त मित्राला ओळखते. जबाब न देणारा शत्रू असेल, किंवा यंत्र बिघडलेला मित्रही असेल.

२७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानी विमानांना अडविण्यासाठी आपली मिग-२१ विमाने झेपावली. नाशिकजवळ ओझरला आपल्या कामगारांनी अशी विमाने बांधली आहेत. त्याच धांदलीत काश्मीरमध्ये बडगाम येथे आपल्याच क्षेपणास्त्राने आपले हेलिकॉप्टर पाडले. हवाई दलाचे सहा जण व जमिनीवरील एक नागरिक गेला. त्या सहांत नाशिकचाही एक जवान होता. हेलिकॉप्टरचे ओळखयंत्र बंद होते, असे चौकशीच्या बातम्यांत आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ही मोठी चूक जाहीरपणे मान्य केली.

कारखान्यात अपघात झाला, की बटणाजवळचा माणूस प्रथम धरला जातो, हे आम्ही कामगार चळवळीत वर्षानुवर्षे पाहिले आहे. म्हणून आम्ही आणखी दोन प्रश्न विचारतो. बटण सुरू आहे की नाही, हे पाहण्याचे काम कोणाकडे होते? आणि जबाब न आल्यास पुन्हा हाळी देण्याची सवड कोणी ठेवली होती? या प्रश्नांची उत्तरे लढाईपूर्वी, शांत डोक्याने लिहून ठेवावी लागतात.