अंधूक डोळ्यांचा विद्यार्थी

आज एका ॲडमिशनची गोष्ट.

साल १९१९. बंगालमधल्या शांतिनिकेतनात रवींद्रनाथ टागोरांनी कलाभवन सुरू केलं. तिथे चित्रकला शिकायला पंधरा वर्षांचा एक मुलगा आला, बिनोदबिहारी मुखर्जी. एका डोळ्याने दिसत नव्हतं आणि दुसऱ्याचा नंबर भयंकर.

आता मास्तरांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मास्तर होते नंदलाल बोस. एवढ्या कमी नजरेचा मुलगा चित्रकार कसा होणार, ही शंका त्यांनी रवींद्रनाथांकडे बोलून दाखवली. बिनोदबिहारींनी पुढे 'चित्रकर' या आठवणींत हा प्रसंग सांगितलाय. रवींद्रनाथांनी उलट विचारलं, मुलगा नेमाने बसून मन लावून काम करतो का? करत असेल तर करू द्या, त्याच्या भविष्याची चिंता तुम्ही करू नका.

मला हे उत्तर फार आवडतं, कारण त्यात प्रश्नच बदलला. 'हा पुढे जाऊन काय होईल' हे कुठल्याच शिक्षकाला माहीत नसतं, तरी आपल्याकडे प्रवेश त्याच अंदाजावर ठरतो. 'हा आज काम करतोय का' हे मात्र वर्गात बसून बघता येतं. आम्ही कोड लिहिणारे आधी अट लिहितो आणि मग युजरला आत घेतो. इथे मुलाला आत राहू दिलं आणि आपली अटच पुन्हा तपासली.

मग काय झालं? १९२५ पासून बिनोदबिहारी तिथेच शिकवायला लागले. १९४० मध्ये त्यांनी कलाभवनाच्या वसतिगृहाचं अख्खं छत रंगवलं: मधोमध तळं आणि भोवती बीरभूमचं गाव. १९४६-४७ मध्ये हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचं भलंमोठं भित्तिचित्र केलं. त्यात कबीर आहेत, तुलसीदास आहेत, आणि सूरदासही.

त्या भिंतीवर मदतीला के. जी. सुब्रमण्यन नावाचा विद्यार्थी होता. त्याचीही ॲडमिशनची गोष्ट आहेच! स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगात गेल्यामुळे त्याला सरकारी कॉलेजांची दारं बंद झाली होती. १९४४ मध्ये त्याला कलाभवनाने घेतलं. १९५१ मध्ये तो बडोद्याच्या ललित कला विभागात शिकवायला गेला. तिथे आपले ना. श्री. बेंद्रे आधीपासून होतेच. बडोद्याने पुढे चित्रकारांच्या पिढ्या घडवल्या, त्यामागे हीसुद्धा एक वाट आहे.

खरी परीक्षा अजून बाकी होती. १९५७ मध्ये डोळ्यांच्या ऑपरेशननंतर बिनोदबिहारींची उरलीसुरली नजरही गेली. पूर्ण अंध चित्रकाराला कोण नोकरी देणार? कलाभवनाने दिली. १९५८ मध्ये ते तिथे परतले, कलेचा इतिहास शिकवू लागले. हाताने चाचपून कागदाच्या घड्या घालत, तुकडे चिकटवत चित्रंही करत राहिले. १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर त्यांचं टाइल्सचं म्युरल उभं राहिलं. त्याच वर्षी त्यांचे जुने विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर 'द इनर आय' ही डॉक्युमेंटरी केली. नक्की बघा.

एक गोष्ट मात्र खटकते. १९१९ चा तो निर्णय एका मोठ्या माणसाच्या शब्दावर झाला. नियम म्हणून तो कुठे लिहिलेला नव्हता. रवींद्रनाथ नसते तर? त्या काळी अशी किती मुलं दारातूनच परत गेली असतील, त्यांची चित्रं आपल्याला कधीच दिसणार नाहीत.

म्हणून सर्वसमावेशक शिक्षण म्हणजे नुसता रॅम्प आणि राखीव जागा, एवढ्यावर थांबू नका. 'याला जमणार नाही' असं मनात आलं की नंदलालबाबूंसारखं ते कुणाला तरी बोलून दाखवा, आणि मिळालेलं उत्तर ऐका. त्यांनी शंका घेतली, पण मुलाला घालवलं नाही. तुम्ही कुणाला काही शिकवत असाल, ऑफिसातल्या नव्या ज्युनिअरला का असेना, तर उद्या हे करून बघा.

भेटू पुढच्या भागात!