ऑर्फियसचे दोन शेवट

उत्तर इटलींतील मांतुआच्या राजवाड्यांत २४ फेब्रुवारी १६०७ रोजीं एक नाटक झालें. आदल्या दिवशीं एका दरबारी गृहस्थानें आपल्या भावास कौतुकानें कळविलें होतें कीं, उद्यांच्या खेळांत सर्वच पात्रें गाऊन बोलणार आहेत. मराठी संगीत नाटकांत गद्य संभाषण चालू असतां मध्यें पद येतें. येथें साधा निरोपहि सुरांतच सांगावयाचा होता. कवि आलेस्सांद्रो स्त्रिज्जो, संगीतकार क्लाउदिओ मॉन्तेवेर्दी, आणि नाटकाचें नांव ‘ऑर्फेओ’.

कथा ग्रीक पुराणांतली. सर्पदंशानें मेलेली पत्नी युरिडिसी हिला परत आणण्यासाठीं गायक ऑर्फियस पाताळांत जातो, आणि मागें वळून न पाहण्याची अट मोडून तिला दुसऱ्यांदा गमावतो.

तयारी सुरळीत झाली नाहीं. राजपुत्र फ्रान्चेस्को गोंझागानें तस्कनीच्या दरबाराकडून उसना मागविलेला गायक उशिरां आला, तोहि केवळ नांदी पाठ करून. उरलेलें काम त्यानें थोड्याच दिवसांत बसविलें. जागाहि अरुंद होती. पुढें खुद्द मॉन्तेवेर्दीनेंच तसें लिहिलें आहे.

खरा कस लागतो तो तिसऱ्या अंकांत. पाताळनदीचा नावाडी कॅरॉन ह्याच्यापुढें ऑर्फियस गातो. हें गाणें मॉन्तेवेर्दीनें दोन परींनीं छापलें आहे: एक साधें, दुसरें तानांनीं नटलेलें. एवढी कला पणाला लावल्यावर नावाडी काय म्हणतो? गाणें गोड आहे, पण दया येत नाहीं! पुढें त्याला चक्क झोप लागते, आणि ऑर्फियस त्याची होडी घेऊन पैलतीर गांठतो. पाताळाची राणी मात्र त्या गाण्यानें द्रवते व पतीपाशीं रदबदली करते. संगीताची थोरवी सांगणाऱ्या नाटकांत त्याचा असा अर्धा पराभव दाखविणें हें धाडसच होय.

शेवटाविषयीं मात्र घोळ आहे. पहिल्या प्रयोगासाठीं छापलेल्या संहितेंत, स्त्रीजातीचा धिक्कार करणाऱ्या ऑर्फियसवर मद्यदेव बॅकसच्या उन्मत्त उपासिका चाल करून येतात. तो पळतो, आणि त्यांच्या गायनानें नाटक संपतें. १६०९ मध्यें व्हेनिस येथें स्वरलिपि छापली गेली, तींत त्या नाहींत. पिता अपोलो मेघांतून उतरून पुत्रास वर नेतो. मेघाचें यंत्र मांतुआच्या अरुंद जागेंत मावलें नसावें, असा एक तर्क आहे. उपासिकांच्या प्रवेशाचें संगीत उपलब्ध नसल्यामुळें आजचे दिग्दर्शक बहुधा अपोलोलाच उतरवितात. पण हा शेवट वाटतो तितका सुखाचा नाहीं. स्वर्गांतहि युरिडिसी भेटावयाची नाहीं. तिचें रूप सूर्यांत व ताऱ्यांत पाहावें, एवढेंच अपोलो पुत्रास सांगतो.