मऊ म्हणजे समर्थ नव्हे

विजेवर चालणारे कृत्रिम स्नायू रबरापासून घडवायचे, तर रबर मिळेल तितके मऊ घ्यावे, हे मत आज जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. नवे मिश्रण तयार झाले की त्याचा ताठरपणा किती घटला हेच आधी सांगितले जाते. हे मत अर्ध्या गणितावर उभे आहे.

आधी पूर्वपक्ष. रबराच्या पातळ पडद्याच्या दोन्ही अंगांना लवचीक इलेक्ट्रोड लावून व्होल्टेज दिले, की विरुद्ध विद्युतभार एकमेकांना ओढतात. पडदा दबतो आणि पसरतो. विद्युतभाराने रबराची पट्टी लांबते हे राँटगेन यांनी 1880 मध्येच दाखवले होते. हा दाब विद्युतक्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्याला ताठरपणाने भागले की जाडीतली घट मिळते. भाजक लहान केला की हालचाल वाढणार आणि कमी व्होल्टेजमध्ये भागणार, असा हा युक्तिवाद.

भागाकार बरोबर आहे, पण लहान हालचालीपुरताच. पडदा पातळ झाला की त्याच व्होल्टेजला विद्युतक्षेत्र आणखी तीव्र होते, त्यामुळे तो आणखी दबतो, आणि एका टप्प्यानंतर रबराला हे पेलत नाही. पडदा कोसळतो, ठिणगी आरपार जाते. स्टार्क आणि गार्टन यांनी 1955 मध्ये पॉलिथीनच्या संदर्भात हे अस्थैर्य मांडले. साध्या, आधी न ताणलेल्या रबराचा हिशेब केला, तर जाडी एक तृतीयांशाहून थोडी अधिक घटली की हा क्षण येतो; रबर मऊ असो वा कडक. म्हणजे मऊपणाने हालचालीची हद्द पुढे सरकतच नाही. हद्दीपर्यंत मिळणारा दाब मात्र ताठरपणाबरोबर घटत जातो. रबर दहापट मऊ करा: व्होल्टेज सुमारे एक तृतीयांशावर येईल, पण जोर एक दशांशावर. त्याऐवजी पडदा दहापट पातळ करा: व्होल्टेज एक दशांश, आणि दाब तेवढाच! थरांवर थर रचले की गमावलेली जाडीही परत मिळते.

यावर 2000 सालचा दाखला हमखास पुढे केला जातो. एसआरआय इंटरनॅशनलच्या पेलराइन आणि सहकाऱ्यांनी ॲक्रिलिक पडद्यात 215 टक्क्यांपर्यंत ताण मिळवला होता. काम थोर आहे, याबद्दल दुमत नाही. पण तो पडदा आधी चौकटीवर खूप ताणून बसवलेला होता. ताणलेल्या रबराच्या साखळ्या पुढे ताठ होत जातात आणि ऐन वेळी कोसळणे थोपवतात. तो विक्रम मऊपणाच्या बाजूने साक्ष देत नाही. सुरुवातीला मऊ आणि पुढे ताठ होणाऱ्या रबराच्या बाजूने देतो. ॲक्रिलिक संथही आहे. झटपट हालचालीत सिलिकोन त्याच्या पुढे जाते.

बेरियम टायटॅनेटची पूड मिसळून रबराचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, आणि त्याबरोबर दाब, वाढवण्याचा मार्गही असाच फसवा. पुडीने रबर कडक होते आणि ठिणगी लवकर पडते.

पातळपणाचा मार्ग अवघड आहे, हे मान्य. धुळीचा एक कण पडदा निकामी करतो, आणि इलेक्ट्रोडचा स्वतःचा ताठरपणाही आड येतो. तरी 2015 मध्ये लोझानच्या तंत्रविद्यापीठातील पुलँ, रोसे आणि शी यांनी 3 मायक्रोमीटरच्या सिलिकोन पडद्यात 245 व्होल्टला 7.5 टक्के ताण मिळवून दाखवला. जाड पडद्यांना हजारो व्होल्ट लागतात. 2019 मध्ये त्याच संस्थेतून एक ग्रॅमहून हलका, स्वतःची बॅटरी वाहणारा कीटक-रोबो आला. तो 450 व्होल्टवर धावतो.

तेव्हा या क्षेत्रातल्या तरुण संशोधकांना विनंती एवढीच, की नव्या रबराचा ताठरपणा सांगाल तिथेच पडद्याची जाडी, तो सोसतो ते विद्युतक्षेत्र आणि तो किती आवर्तने टिकतो हेही छापा.