लघु पवनचक्की, बॅटरी भरणारी

लघु पवनचक्की, बॅटरी भरणारी : विजेच्या जाळ्याशी न जोडता थेट बॅटरी भरण्यासाठी वापरले जाणारे छोटे पवनविद्युत यंत्र. १ ते २.५ मी. व्यासाचे पात्यांचे चक्र, त्याच आसावर बसवलेले कायमचुंबकी जनित्र, मागे शेपूट, खाली खांब आणि तळाशी १२, २४ किंवा ४८ व्होल्टची बॅटरी एवढा त्याचा संसार. आयईसी ६१४००-२ हे आंतरराष्ट्रीय मानक २०० चौ. मी. चक्रक्षेत्रापर्यंतची, म्हणजे सुमारे १६ मी. व्यासापर्यंतची यंत्रे ‘लघु’ धरते. या नोंदीत त्यांतली सर्वांत छोटी आणि स्वस्त यंत्रे अभिप्रेत आहेत.

इतिहास : वाऱ्यावर वीज करण्याची सुरुवातच मुळी बॅटरी भरण्यापासून झाली. ग्लासगोचे प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी १८८७ मध्ये स्कॉटलंडमधील मेरीकर्क येथे आपल्या सुटीतल्या घराच्या बागेत कापडी शिडांची चक्की उभारली आणि तिच्यावर भरलेल्या बॅटऱ्यांतून घरात दिवे लावले. उरलेली वीज रस्त्यावरच्या दिव्यांसाठी त्यांनी गावाला देऊ केली. गावाने ती सैतानी करणी म्हणून नाकारली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत क्लीव्हलंड येथे चार्ल्स ब्रश यांनी १७ मी. व्यासाची, १४४ पात्यांची चक्की बांधून तळघरातल्या ४०८ बॅटऱ्या भरल्या. स्वस्त, घरगुती यंत्राचा काळ आला तो १९३० च्या दशकात. आयोवा राज्यातल्या सू सिटीत बनणारे सहा व्होल्टचे ‘विनचार्जर’ झेनिथ रेडिओबरोबर सवलतीत मिळे. शेतकऱ्याला बाजारभाव आणि गाणी ऐकायला तेवढी वीज पुरे. १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्यानंतर शेतापर्यंत तारा पोहोचल्या आणि हा धंदा ओसरला. पुढे शिडाच्या बोटींनी तो जिवंत ठेवला. आजच्या एक मीटरच्या आसपासच्या बहुतेक यंत्रांचे घराणे या बोटींवरचेच आहे. स्कॉटलंडच्या स्कोरेग द्वीपकल्पावर राहणाऱ्या ह्यू पिगॉट यांनी लाकडी पाती आणि हाताने गुंडाळलेल्या जनित्राची चक्की घरी कशी करावी हे शिकवले. त्यांची कृती अनेक देशांत वापरली जाते.

व्यास : नवखा खरेदीदार आधी वॅटचा आकडा पाहतो आणि तिथेच फसतो. पाहायचा असतो तो व्यास. वाऱ्यातील शक्ती हवेची घनता, चक्राचे क्षेत्र आणि वेगाचा घन यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. १.२ मी. व्यासाच्या चक्राचे क्षेत्र १.१३ चौ. मी. भरते. त्यातून जाणाऱ्या वाऱ्यात ५ मी. प्रतिसेकंद वेगाला सुमारे ८६ वॅट असतात, १० मी.ला ६९२. वेग दुप्पट, शक्ती आठपट. यातली ५९.३ टक्क्यांहून अधिक शक्ती कोणत्याही चक्राला काढून घेता येत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. छोट्या यंत्राच्या हाती प्रत्यक्षात २० ते ३० टक्के लागतात. म्हणजे अंगाला छान वाटणाऱ्या ५ मी.च्या वाऱ्यात हे यंत्र जेमतेम २० वॅट देते. दोन एलईडी दिवे.

आता याच व्यासाच्या चक्कीच्या खोक्यावर ‘१००० वॅट’ छापलेले असते असे समजू. वेग १२ मी., म्हणजे ताशी ४३ किमी. धरला तरी वाऱ्यात एकूण १,१९६ वॅट आणि बेट्झची मर्यादा ७०९ वॅट. छापलेला आकडा निसर्गनियमात बसतच नाही. प्रामाणिक उत्पादकही वॅट सांगताना सोयीचा वेग धरतो: अमेरिकेतील ‘एअर’ मालिकेचे १.१७ मी. व्यासाचे एक गाजलेले यंत्र ४०० वॅटचे म्हटले जाई, पण ते १२.५ मी. वेगाला. हा आकडा खोटा नाही, फक्त तसा वारा रोज येत नाही. अमेरिकी लघुपवन मानकाने २००९ मध्ये सर्वांना ११ मी.चा एकच वेग बांधून दिला, त्यामुळे निदान तुलना तरी करता येऊ लागली.

व्यासच खरा, याचा पुरावा नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतात मिळाला. तेथे २००८-०९ मध्ये निरनिराळ्या छोट्या चक्क्या एकाच मोकळ्या मैदानात वर्षभर शेजारी-शेजारी चालवल्या. सरासरी वारा ३.८ मी. होता. पाच मीटर व्यासाच्या साध्या तीनपाती चक्कीने वर्षात २,६९१ युनिट दिले. एक मीटरच्या, दिसायला देखण्या गोलाकार यंत्राने ७३. दिवसाला पाव युनिटही नाही.

महिन्याचा अंदाज काढताना वाऱ्याच्या चढउतारांचाही विचार करावा लागतो. जोराचे थोडे तास बरीच वीज देऊन जातात, म्हणून सरासरी वेगाचा घन साधारण दुप्पट धरतात. त्या हिशेबाने १.२ मी.चे यंत्र ४ मी. सरासरीच्या जागी महिन्याला १२ युनिटच्या आसपास देईल, ५ मी.च्या जागी २५ च्या आसपास. विक्रेत्याने महिन्याच्या युनिटऐवजी नुसते वॅट सांगितले, तर तो काही दडवतो आहे असे खुशाल समजावे.

जागा आणि खांब : स्वस्त चक्कीचा खरा खर्च खांबात असतो, आणि लोक काटकसर करतात तीही नेमकी तिथेच. झाडे-घरे वाऱ्याचा वेग खातात, वर त्याचे भोवरे करतात. भोवऱ्यात चक्र सारखे तोंड फिरवत राहते, वीज देत नाही आणि बेअरिंग मात्र झिजवते. जाणकारांचा जुना नियम असा की पात्याचे खालचे टोक शंभर-दीडशे मीटरांच्या परिसरातील सर्वांत उंच वस्तूपेक्षा ९ मी. तरी वर असावे. आंब्या-फणसाच्या वाडीत हा नियम पाळायचा तर खांब पंचवीस मीटरांवर जातो. मग पवनचक्कीचा नाद सोडलेलाच बरा. मोकळ्या माळावरही खांबाची उंची ५ मी.वरून २० मी.वर नेल्यास वाऱ्यातली शक्ती सुमारे १.८ पट होते. दुसरी चक्की घेण्यापेक्षा आहे तिचा खांब वाढवावा.

घराच्या छपरावर किंवा गच्चीच्या कठड्यावर चक्की बसवण्याचा मोह टाळावा. इंग्लंडमध्ये इमारतींवर बसवलेल्या २६ छोट्या चक्क्यांची मोजणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. बंद राहिलेला काळ धरून त्यांचे सरासरी उत्पादन क्षमतेच्या एक टक्क्याहूनही कमी भरले. शिवाय घरघर भिंतींतून थेट उशाशी येते.

खांब बुडाशी बिजागरी असलेला, चार बाजूंनी ताणाच्या तारा दिलेला आणि आडवा करता येणारा असावा. दुरुस्तीसाठी वर चढावे लागणाऱ्या खांबावरची चक्की पहिल्या बिघाडानंतर बहुधा तशीच राहते.

बॅटरी आणि कंट्रोलर : सौर पॅनेलवर काम केलेला वायरमन पवनचक्की जोडताना हमखास एक चूक करतो. बॅटरी भरली की सौर कंट्रोलर पॅनेल तोडतो. पॅनेल नुसते उन्हात तापत राहते, बाकी काही बिघडत नाही. पवनचक्कीचे तसे नाही. जनित्रावरचा भार हाच तिचा लगाम असतो. भर वाऱ्यात तो सुटला की चक्र बेफाम फिरते, व्होल्टेज चढते, कंट्रोलर जळतो, कधी पातेही उडते. म्हणून बॅटरी भरल्यावर जास्तीची वीज तापतारांच्या भारावर, म्हणजे डंप लोडवर, वळवणारा कंट्रोलर लागतो, आणि तो भार यंत्राच्या पूर्ण प्रवाहाला पुरणारा असावा लागतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ३०० वॅटची चक्की असेल तर सुमारे ०.७ ओहमचा. लिथियम बॅटरी घेणाऱ्याने तर जास्तच जपावे, कारण तिच्यातली संरक्षक यंत्रणा पूर्वसूचना न देता बॅटरी तोडते आणि चक्की मोकळी सुटते. जनित्राच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडणारा ब्रेकचा स्विच हवाच. मात्र तो वारा मंद असताना टाकायचा, वादळ अंगावर आल्यावर नव्हे. तेव्हा वेटोळी जळतात.

जोराच्या वाऱ्यात चक्र वाचवण्याचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे दुमडणारी शेपूट. चक्र मध्यापासून किंचित बाजूला बसवलेले असते. ठरावीक जोरापलीकडे वारा त्यालाच तिरके ढकलतो. वारा पाहून पाठ फिरवणे माणसात दुर्गुण असेल, चक्कीत तो गुणच आहे. नुसत्या इलेक्ट्रॉनिक ब्रेकवर विसंबलेले स्वस्त यंत्र त्यापुढे कमी भरवशाचे.

व्होल्टेज निवडताना तारेची लांबी पाहावी. १२ व्होल्टवर ३०० वॅट म्हणजे २५ अँपिअर. ३० मी. अंतरावर ६ चौ. मिमी.ची तांब्याची तार टाकली तर जाऊन-येऊन १०० वॅटहून अधिक तारेतच जिरतात. ४८ व्होल्टवर हाच तोटा सोळावा हिस्सा, जेमतेम ७ वॅट. जनित्रासाठी मोटारीच्या भंगारातल्या ऑल्टरनेटरकडे वळणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की तो हजार-दीड हजार फेऱ्यांशिवाय धड चार्ज करत नाही, आणि १.२ मी.चे चक्र ५ मी.च्या वाऱ्यात मिनिटाला पाचशेच्या आतच फिरते.

उभ्या आसाच्या चक्क्या दिसतात छान. वारा कुठूनही आला तरी फिरतात हे खरे, पण तेवढ्याच क्षेत्रात वीज सहसा कमी देतात आणि बहुधा खुज्या खांबावर बसवल्या जातात.

महाराष्ट्रात : सपाटीवरच्या गावात केवळ बॅटरीसाठी चक्की घेणे क्वचितच परवडते, सौर पॅनेलचे भाव उतरल्यापासून तर नाहीच. अपवाद सह्याद्रीच्या माथ्याचा आणि कोकणातल्या उघड्या सड्यांचा. वनकुसवडे, चाळकेवाडी किंवा देवगडजवळच्या जामसंडे येथे मोठ्या पवनचक्क्या उगाच उभ्या राहिल्या नाहीत. जून ते ऑगस्ट या महिन्यांत, ढगांमुळे पॅनेल सुस्तावलेले असते नेमके तेव्हाच, घाटमाथ्यावर वारा जोरात असतो. पाऊस सरला की वारा पडतो आणि ऊन परत येते. म्हणून येथे चक्की घ्यायचीच तर पॅनेलच्या जोडीला, पावसाळ्याची बेगमी म्हणून घ्यावी. चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था तमिळनाडूतील कयतार येथे छोट्या चक्क्यांची चाचणी करते. तेथे तपासलेले यंत्र महाग वाटले तरी त्याच्या आकड्यांवर हिशेब करता येतो.

किनाऱ्यावर खारा वारा वर्षा-दोन वर्षांत साधे बोल्ट आणि ताणाच्या तारांचे पीळ खातो. दर पावसाळ्याआधी खांब आडवा करून पात्यांच्या कडा, बेअरिंग, बोल्ट आणि तारा तपासाव्या लागतात. चक्रीवादळाचा इशारा आला तर खांब आडवा करून बांधून ठेवावा लागतो, आणि या कामाला दोन-तीन माणसे लागतात.