मंगल फॉन्टच्या मागचे एक लाख रुपये

शाळेत असताना जालन्यातल्या एका सायबर कॅफेत मी पहिल्यांदा आपलं नाव मराठीत टाइप केलं. फॉन्ट होता मंगल. मला वाटलेलं, विंडोजसोबत हाही अमेरिकेतूनच आला असणार.

तर नाही. तो घडवला र. कृ. जोशींनी, विनय सायनेकरांच्या साथीने. जोशी शिकले मुंबईच्या जेजेत. आणि जेजे उभं राहिलं देणगीवर. १८५३ मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये देऊ केले, १८५७ मध्ये वर्ग सुरू झाले. (कमाई चीनशी केलेल्या अफू-कापसाच्या व्यापारातली, हेही सांगून टाकतो.) पुढे जोशींनी पवईच्या आयआयटीतल्या आयडीसीत शिकवलं. ही डिझाइनची शाळा १९६९ ची, सरकारी पैशावर उभी राहिलेली. मंगल त्यानंतरचा.

मी बीटेकवाला. आमच्यात डिझाइन म्हणजे शेवटी रंग फासायचं काम! पण जोडाक्षर कसं जुळतं, वेलांटी कुठे बसते, हे आधी कुणीतरी वर्षानुवर्षं हाताने काढून बघितलेलं असतं. मल्टिमीडिया लॅबचं उद्घाटन एकदाच होतं, शिकवणाऱ्याचा पगार दर महिन्याला लागतो. तो द्यायची वेळ आली की सगळे गप्प.

जोशी २००८ मध्ये गेले. परवा आईच्या एका सरकारी अर्जावर परत मंगल दिसला.