जनसंघाचा उदय : एक टिपण
स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी एकत्र होते. मुखर्जींनी नेहरू-लियाकत कराराविरुद्ध एप्रिल १९५० मध्ये राजीनामा दिला. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये, मुख्यतः हिंदू कोड बिल रखडल्यामुळे. त्याच बिलास मुखर्जींनी संसदेत विरोध केला होता. २१ ऑक्टोबर १९५१ रोजी त्यांनी दिल्लीत भारतीय जनसंघ स्थापिला. पहिल्या निवडणुकीत जनसंघास लोकसभेच्या ३, तर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला २ जागा मिळाल्या. बळ जवळपास सारखेच. परंतु जनसंघामागे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे शिस्तबद्ध कार्यकर्ते होते. १९७७ मध्ये तो जनता पक्षात विलीन झाला, तरी संघाशी नाते सुटले नाही. दुहेरी सदस्यत्वाच्या वादातून १९८० मध्ये भारतीय जनता पक्ष जन्मला. फेडरेशनचा वारस रिपब्लिकन पक्ष मात्र गटागटांत विभागला. पक्षाचे नाव बदलते, टिकते ती संघटना, हे अभ्यासकांनी ध्यानी घ्यावे.